शेवटच्या कडव्याची जागा

पत्र निळं होतं, अंतर्देशीय, आणि घड्यांवर इतकं विरलेलं की उलगडताना दोन्ही तळहातांवर धरावं लागे. सांडूआबांनी ते शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलं होतं. पत्र आलं त्या दिवशी टेबलावर तोच खंड उघडा होता, एवढंच त्याचं कारण. पुढे ते कितीदा काढलं आणि कितीदा पुन्हा त्याच पानात ठेवलं, याची गणती नाही. आता तर कोश हातात घेतला की आपोआप तिथेच उघडे.

उघडायची गरज मात्र नव्हती. मजकूर पाठ होता.

"दादा, जयभीम. परवा अंभईला आपला कार्यक्रम झाला. 'कोरी पाटी' तीनदा म्हणायला लावली. एक म्हातारा मंचावर चढून आला, माझे हात धरले, म्हणला, फकिरा, काय लिवलंस रं बाबा. मला मान वर करता येईना. दादा, तू बापाच्या अंगठ्याला नाव मागतो आन् स्वतःचं लपवतो, ही कसली तऱ्हा? शेवटच्या कडव्यातून माझं नाव काढ, तुझं घाल, आन् तुझ्या हातानं लिहून पाठव. तवर हे गाणं मी म्हणणार नाय. तुझा फकिरा."

गायन पार्टीच्या गाण्यात लिहिणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. ऐकणारा त्या ओळीची वाट बघत असतो. ती आली की गाणं कुणाचं ते कळतं. सांडूआबांनी धाकट्या भावाच्या पार्टीसाठी एकच गाणं लिहिलं आणि त्याच्या शेवटी 'फकिरा म्हणे' असं घातलं. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथही त्याला घातली. फकिराने ती पाळली, आणि पत्रातलं वचनही पाळलं. बाकीची शंभर गाणी गायली. हे एक गाणं पुन्हा मंचावर म्हटलं नाही.

आबा उत्तर लिहायला त्याच संध्याकाळी बसले होते. 'फकिरा म्हणे' खोडून 'सांडू म्हणे' लिहून पाहिलं. मात्रा चोख बसल्या. मात्रा बसत नाहीत, हा बहाणासुद्धा हाती लागला नाही. पण स्वतःचं नाव त्या ओळीत बघताच त्यांना वाटलं, भरल्या सभेत कुणी आगंतुक पुढच्या खुर्चीवर येऊन बसलाय. गाणं खरंच चांगलं आहे का? की फकिराच्या गळ्यामुळे ते तसं वाटतं? कागद फाडला. दुसरा घेतला. आठवडा गेला, महिना गेला. मग उशिराचं कारण लिहिणं भाग झालं, आणि पुढे उशीरच इतका वाढला की कुठलंच कारण त्याला पुरेना. दोघे भाऊ लग्नाकार्यात भेटत, "बरं हाय का?" "हाय, तुझं?" एवढं बोलत आणि वेगवेगळ्या पंगतीला बसत.

त्या रविवारी लीलाबाईच्या घरी जाताना आबांनी पत्र पिशवीत टाकलं. का टाकलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

लीलाबाई ही दोघा भावांमधली बहीण, मुकुंदवाडीत रेल्वे फाटकाच्या अलीकडच्या गल्लीत राहणारी. तिच्या पुढच्या खोलीत आज खिडक्यांना चादरी लावल्या होत्या आणि भर दुपारी अंधार केला होता. पोरांचा पिक्चर बघायचा होता.

पोरं म्हणजे 'फाटक बंद' हा चौघांचा बँड. आबांची नात अमृता गायची, फकिराचा नातू धम्मपाल गिटार वाजवून चाली बांधायचा. ढोलावर सुदर्शन, कीबोर्डवर मोनाली. आजोबांनी जे अंतर चाळीसेक वर्षं राखलं, ते या चुलत बहीणभावांनी एका सरावाच्या खोलीत मोडून टाकलं होतं. आठ महिने दर रविवारी खपून त्यांनी दीड तासाचा गाण्यांचा विनोदी पिक्चर काढला. नाव 'पंधरा मिनिटांत पोचतो'. त्यात चौघं स्वतःच्याच भूमिका करत होते: सिल्लोडला सकाळी अकराचा कार्यक्रम, आणि बँड निघतो तर मुकुंदवाडीचं फाटकच बंद. तिथून पुढे प्रत्येक फोनवर धम्मपाल एकच वाक्य बोलतो, आणि प्रत्येक वेळी आणखी काहीतरी बिघडतं.

"जयभीम, मोठे मामा. या, खुर्चीवर बसा," सुरेखाने जागा करून दिली. ती फकिराची सून, धम्मपालची आई. सकाळच्या एसटीने सोयगावहून एकटीच आली होती. आबांनी विचारलं, "फकिरा कसा हाय?"

"हाय तसेच," ती म्हणाली आणि भिंतीकडे बघू लागली.

आबा खुर्चीवर बसले नाहीत. दाराजवळच्या स्टुलावर बसले. तिथून उठून जाणं सोपं असतं.

भिंतीवर चित्र हललं आणि घर हसायला लागलं. ढोल चुकून दुसऱ्याच वऱ्हाडाच्या टेम्पोत जातो आणि सुदर्शन ढोल सोडवायला म्हणून त्या लग्नात शिरून दोनदा जेवून येतो. मग रस्त्यात लीलाबाई टेम्पोला हात करते, पापडाचे दोन डबे घेऊन पुढच्या सीटवर चढते आणि सिल्लोड येईपर्यंत चौघांना खाली उतरून टेम्पो ढकलायला लावते.

"अगं बया, मी एवढी जाड दिसती व्हय रं?" खरी लीलाबाई ओरडली.

"आज्जी, कॅमेरा पाच किलो वाढवून दाखवतो," सुदर्शन म्हणाला.

"मग कॅमेरे किती लावले व्हते?" मोनालीने विचारलं, आणि लीलाबाईच सगळ्यांत आधी हसली.

अमृताने आबांनाही काम देऊ केलं होतं. ग्रंथपालाचं, म्हणजे त्यांच्याच जुन्या नोकरीचं, चार वाक्यांचं. "मला नाय जमायचं," म्हणून त्यांनी तिला आठवडाभर टाळलं होतं. आणि आता एकाएकी भिंतीवर त्यांची पाठ आली. फाटक बंद आहे, स्कूटरवाले, भाजीवाल्या, शाळेची पोरं वाकून दांडीखालून निघून चालली आहेत, आणि एक म्हातारा माणूस, काखेत छत्री आणि हातात कापडी पिशवी, एकटाच दांडीशी उभा आहे.

"आबा, हे तुमीच!" धम्मपाल म्हणाला. "आमी फाटक घेत व्हतो, तुमी आपोआप आले. आख्खी दुनिया निघून गेली, आन् तुमी एकटे कायदा पाळून ऱ्हायले!"

खोली हसली. आबाही हसले. पण नजर हटेना. स्वतःची पाठ माणूस कधी बघत नाही. मानेखाली सदऱ्याची कॉलर एका बाजूला मुडपलेली होती; ती सरळ करायला घरात कुणी नाही, हे त्या पाठीकडे बघून कुणालाही कळलं असतं. बायको चतुराबाई गेल्याला अकरा वर्षं झाली होती. ती असती तर दारातच हात लावून कॉलर नीट केली असती, तोंडाने दुसरंच काहीतरी बोलत.

पिक्चर शेवटाला आला. बँड सिल्लोडच्या मैदानात पोचतो तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. ऊन, फाटलेला मंडप, रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि खुर्च्या एकात एक घालणारा मंडपवाला. चौघं एकमेकांकडे बघतात. मग वाद्यं लावतात आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर गायला लागतात.

अमृताचा आवाज आला:

"कोरी पाटी घेऊन आलो, एक अक्षर दे रं,
बापाच्या ह्या अंगठ्याला नाव शिकवून दे रं..."

आबांनी स्टुलाची कड धरली. अडतीस वर्षांत पहिल्यांदा ते ही ओळ दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते. शाळेत नाव घालताना बापाने अंगठा उठवला होता आणि मग शाईचा तो अंगठा घरी येईपर्यंत मुठीत लपवून आणला होता. ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त या गाण्यात लिहिलं होतं.

तीन कडवी झाली. मग भिंत काळी झाली आणि पांढरी अक्षरं उमटली: 'शेवटचं कडवं'. शब्द नाहीत, आवाज नाही. ढोलाचा ठेका तेवढा चालू राहिला, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा, आणि थांबला.

मोनालीने चादर ओढली. ऊन आत आलं तसे सगळे डोळे चोळू लागले.

"हे काय? संपला?" लीलाबाई म्हणाली.

"कडवं नाय, आज्जी," धम्मपाल म्हणाला. "पुढच्या शनिवारी हॉलमधी दाखवायचा, आन् कडवं नाय. आजोबांचा झटका तुला माहितीच हाय. बोलणं गेलं, पण गाणं येतं. एक दिवस बसल्या बसल्या हे गाणं सुरू केलं, घरात कुणी कधी ऐकलेलंच नाय. मी फोनवर घेतलं. तीन कडवी म्हणतात आन् थांबतात. मग पार्टीची जुनी वही सापडली, तिच्यात चौथं व्हतं, 'फकिरा म्हणे' असं. ते म्हणून दाखवलं तर..."

"तर खाटेवर हात आपटला," सुरेखा पुढे झाली. "पाण्याचा तांब्या उडवला. दोन दिवस जेवले नाय. तेच सांगायला मी आले. आत्याबाई, तुमी मोठ्या, तुमीच निवाडा करा. ह्या गाण्यानं मामांना त्रास होतो. ते काढून टाका."

"आई, शेवटच त्याच्यावर हाय!"

"तर दुसरं लाव. ढीगभर केलेत की तुमी."

"सुरेखा म्हणती ते खरं हाय," लीलाबाई म्हणाली. "जितं माणूस मोठं का पिक्चर मोठा?"

"मग असं करू," धम्मपालने गिटार ओढून घेतली. "कडवं मी लिहितो. नाव बँडचं घालतो. 'फाटक बंद म्हणे'. मस्त वाटतं."

"वाटतंय मस्त," सुदर्शन म्हणाला.

"काय मस्त?" अमृता उसळली. "ज्यानं लिहिलं त्याचं नाव पुसून आपलं लावायचं? बापाच्या अंगठ्यावरचं गाणं हाय ते, धम्मा! तू असलं करणार असला तर माझा आवाज काढून टाक."

"अगं, आजोबांनाच नको हाय त्यांचं नाव! मी काय करू?"

"का नको हाय, ते विचारलं का कुणी?"

"विचारायचं कुणाला? त्यांना बोलता येतं का?" धम्मपालचा आवाज चढला आणि मध्येच चिरकला.

सुरेखाने पदर सारखा केला. तिची नजर पहिल्यांदाच दाराजवळच्या स्टुलाकडे गेली.

"मला वाटतं त्याचं कारण," ती म्हणाली, "पण लहान तोंडी कशाला बोलू. मामा चांगले होते तवा एकदा म्हणले व्हते, दादाला नोकरी लागली, चार शिकल्या माणसांत बसायला लागला, तवापसून त्याला आपल्या पार्टीची लाज वाटती. पत्राला उत्तरसुद्धा देत नाय. एवढंच म्हणले. पुन्यांदा कधी तुमचं नाव नाय काढलं, मोठे मामा. मी सून म्हणून आले त्या घरात, तीस वर्षं झाली. एकदासुद्धा नाय."

आबांना वाटलं, उठावं. दार एका हाताच्या अंतरावर होतं. ते उठलेही. पण पिशवी मांडीवरून घसरून खाली पडली आणि ती उचलायला वाकले तेव्हा निळा कागद डोळ्यांसमोर आला.

"गाणं त्यानं लिहिलं नाय," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की लीलाबाईने "आँ?" केलं.

"गाणं मी लिहिलं. नाव त्याचं घातलं."

मग त्यांनी पत्र दोन्ही तळहातांवर धरलं आणि वाचलं. ग्रंथालयात नवीन पुस्तकांची यादी वाचावी तसं, एकसुरी, चढउतार न करता. 'तवर हे गाणं मी म्हणणार नाय' इथे आले तेव्हा सुरेखाने तोंडाला पदर लावला.

"म्हणजे तो हात आपटतो..." अमृता म्हणाली.

"माझ्या नावाच्या जागी पुन्हा त्याचंच म्हणलं म्हणून."

लीलाबाई उठली, भावाच्या समोर येऊन उभी राहिली. "दादा. एका ओळीसाठी? माझ्या पोरीच्या लग्नात दोघं तोंड फिरवून बसले, मला वाटलं माझ्या सासरच्यांनी कायतरी केलं! म्हातारी आई विचारत विचारत गेली, पोरांचं काय झालं म्हणून. एक ओळ लिवता आली नाय तुला? आयुष्यभर पुस्तकांत बसलास ना?"

"नाय आली."

"का पण?"

आबांनी उत्तर शोधलं. इतक्या वर्षांत पत्रासाठी किती कारणं जुळवली होती. त्यातलं एकही आता तोंडावर येईना.

"त्याला वाटलं मला त्याची लाज वाटते," ते म्हणाले. "मला माझीच वाटत व्हती, लीले."

बाहेर फाटकाची घंटा वाजायला लागली. सुरेखा आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. ते आबांच्या हातात दिलं आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली.

"मामा रोज पेपर वाचतात," ती म्हणाली. "बोट ठेवून ठेवून. वाचता येतं त्यांना."

"मग व्हिडिओ कॉलच लावतो ना आत्ता!" धम्मपालने फोन काढलाही. "कडवं दाखवायचं, विषय खतम!"

"नको," आबा म्हणाले. इतक्या चटकन आणि मोठ्यानं ते बोलले होते की पोरं बघतच राहिली. "त्यानं लिहून मागितलंय. पोस्टानं."

"आबा, सोयगावला पत्र कधी पोचणार? शनिवारी शो हाय."

"नाय पोचलं तर भिंत काळीच ठेवा. आधी तो वाचील. मग तुमी."

"आन् वाचून पुन्हा हात आपटला तर?"

"तरी काळीच ठेवा," आबा म्हणाले. "ती जागा त्याची हाय."

धम्मपालने आईकडे बघितलं. सुरेखा म्हणाली, "ऱ्हाऊ दे गाणं. थांबू आपण."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा टेबलाशी बसले. कोश बाजूला सारला. कडवं लिहायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

'सांडू लिही, फकिरा गाई, ओली अजून पाटी...'

चांगलं झालं होतं. दोघांची नावं एका ओळीत आली होती. सगळ्यांना आवडलं असतं. लीलाबाई तर रडली असती. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं. फकिराने हे मागितलं नव्हतं. ही पुन्हा तीच खोड होती: धाकट्याला पुढे उभं करायचं आणि आपण त्याच्या पाठीमागे लपायचं. खोडून त्यांनी नवा कागद घेतला.

"फकिरा, जयभीम.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. तुझी लाज कधीच वाटली नाही. अंभईच्या त्या म्हाताऱ्याला काय सांगावं, तेवढं मला सुचत नव्हतं. तू मागितलेलं कडवं:

सांडू म्हणे, पुसू नको रं, ओली अजून पाटी,
नाव माझं लिहितो पुढं, बापाचं त्या पाठी.

चांगलं आहे की नाही, मला अजून कळत नाही. तू म्हणून बघ. पुढच्या आठवड्यात मी सोयगावला येतो. घरात असशील तर बरं.

तुझा दादा."

'घरात असशील तर' हे वाचून त्यांना स्वतःचंच हसू आलं. खाटेवरचा माणूस जाणार कुठे? पण खोडलं नाही. पाकिटावर पत्ता लिहिला, पाठवणाऱ्याच्या जागी आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि खाली 'औरंगाबाद' लिहिता लिहिता थांबून 'छत्रपती संभाजीनगर' असं लिहिलं. जुन्या पाकिटांवर ते मावलं नसतं.

पोस्टाची पेटी रुळांपलीकडे होती. फाटक बंद होतं. स्कूटरवाले वाकून दांडीखालून निघाले, भाजीवालीची पाटी गेली, शाळेची पोरं गेली. आबा छत्री काखेत धरून उभे राहिले. दुरून भोंगा आला, रूळ वाजायला लागले. इतक्या खडखडाटात कोण ऐकतंय, असं वाटून त्यांनी ओठांतल्या ओठांत सुरू केलं. मग ओठांच्या थोडं बाहेर. "सांडू म्हणे, पुसू नको रं..."

पण ती गाडी नव्हती. नुसतं इंजिन होतं, एकटंच. आलं आणि गेलं. खडखडाट संपला आणि 'नाव माझं' ही ओळ उन्हात चांगली मोठ्याने पडली. शेजारचा स्कूटरवाला मान वळवून बघू लागला.

"काका, भारी हाय," तो म्हणाला. "कुणाचं?"

आबांचं तोंड उघडलं, मिटलं. दांडी वर जायला लागली होती आणि मागचे हॉर्न वाजवत होते.

"माझं," ते म्हणाले.

स्कूटरवाला कधीच पुढे निघून गेला होता. त्याने ऐकलं की नाही, कोण जाणे. आबांनी सावकाश रूळ ओलांडले, पेटीशी आले, पाकीट उलटसुलट करून पिनकोड एकदा तपासला, तिकीट अंगठ्याने दाबून बघितलं, आणि पाकीट आत सोडलं.